डाव्या पायाचा पॅड

मी एक जुना पॅड आहे. चाकांच्या स्केट्सवर खेळतात त्या रोलर हॉकीच्या गोलकीपरच्या डाव्या पायाला मला बांधतात. रचना गेली हे मला रिंकवर कळलं.

संध्याकाळचा सराव चालू होता. रचनाची मुलगी प्रियदर्शनी मला बांधून गोलात उभी होती. तिचा काका ज्योतिबा स्कूटरवरून आला आणि रिंकच्या कडेच्या फळीबाहेर उभा राहिला. प्रियदर्शनीने दोन फटके अडवले, मग तिचं लक्ष गेलं.

"काका, आईला सोडलं काय दवाखान्यातनं?"

"चल बाळ, घरला जायाचंय," ज्योतिबा म्हणाला. "ते पायातलं काढ आधी."

तिने माझ्या पट्ट्याला हात लावला, पण तिला तो सुटेना. ज्योतिबा खाली बसला आणि त्याने मला सोडलं. तेव्हा त्याचे डोळे पुसायचे राहिले होते. प्रियदर्शनीने ते पाहिलं.

मित्रांनो, मला कारखान्यात कुणी बनवलं नाही. कॉलेजात असताना रचनाने मला आणि माझ्या उजव्या जोडीदाराला घरीच शिवलं. आत फोम, वर खडेबाजारातून आणलेलं जाड रेक्झिन. लग्न होऊन ती वडगावात विणकराच्या घरी आली, तेव्हा ट्रंकेबरोबर आम्हीही आलो. माझे जुने पट्टे तुटले, तेव्हा तिचा नवरा अमृत याने मागावरचा चामडी पट्टा कापून मला नवे लावले. ते अजून आहेत.

सासू बायाक्का पहिल्यांदा सामना बघायला आली, तेव्हा शेजारणीला म्हणाली, "आमची सून हितं मार खायला येतीया, आन् लोक टाळ्या वाजवत्यात बघ!" रचनाने ते ऐकलं आणि गोलात उभ्याउभ्या हसली. पुढे बायाक्का प्रत्येक सामन्याला येऊ लागली.

रचनाचं खेळणं थांबल्यावर मी प्रियदर्शनीच्या पायात आलो. रचना तिला शिकवू लागली. गोलकीपरने गुडघे वाकवून उभं राहायचं, काठीचं पातं जमिनीला टेकलेलं ठेवायचं. फटका मारणारा जवळ आला की मागे सरायचं नाही, थोडं पुढे जायचं, म्हणजे त्याला गोल लहान दिसतो. पक, म्हणजे ती काळी चकती, जमिनीलगत आली की दोन्ही गुडघ्यांवर बसायचं. तेव्हा आम्ही दोन्ही पॅड पायावर फिरतो, आडवे होतो आणि जमिनीवर भिंत तयार होते. "पडायचं न्हाय गं, बसायचं," असं रचना म्हणायची.

बसणं प्रियदर्शनी लवकर शिकली. उठणं अवघड होतं. पक डावीकडे गेली तर उजव्या पायाने रेटून उठायचं, उजवीकडे गेली तर डाव्या. घाईत माणूस नेमका उलटा पाय उचलतो. म्हणून रचना तिच्या मागे उभी राहायची आणि ज्या पायाने उठायचं त्या पॅडवर काठीने हलकेच टपली मारायची. पक सुटायच्या आधीच तिची टपली पडायची. मारणाऱ्याच्या खांद्यावरून तिला दिशा कळत असावी.

आधी डावी बाजू घेतली. सगळ्या टपल्या माझ्या जोडीदारावर पडल्या. ती बाजू पक्की झाली त्याच आठवड्यात रचनाचं पोट दुखायला लागलं. "दुसरी बाजू मी आल्यावर," असं सांगून ती दवाखान्यात गेली.

ती परत आलीच नाही. ती गेल्यावर आम्हाला मागाच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. खाली माग चालायचा. अमृत धागा जोडायचा, तुटला की पुन्हा जोडायचा, पण वर बघायचा नाही. प्रियदर्शनीने स्केट्स माळ्यावर टाकले. पावसाळ्यात मला बुरशी आली. कुणी काही वाईट वागलं नाही. आम्हाला हात लावायला कुणाला जमत नव्हतं, इतकंच.

मग प्रियदर्शनीला निरोप आला. लेहला बर्फावरच्या हॉकीचं निवड शिबिर होतं आणि गोलकीपर म्हणून तिचं नाव पुढे गेलं होतं. दवाखान्यात जाण्याआधी नाव रचनानेच दिलं होतं. प्रियदर्शनी म्हणाली, "मी जाणार न्हाय." बायाक्का उठली. तिने आम्हाला खिळ्यावरून काढलं आणि अमृतच्या पुढ्यात ठेवलं.

"ऊन दाखीव रं ह्यास्नी. कुबट वास मारतोय. सुनंनं शिवल्यालं हाय त्ये."

अमृतने आम्हाला पुसलं, उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन तो रिंकवर आला आणि त्याने स्वतःच्या हाताने आम्हाला बांधलं. सगळे पट्टे त्याने ओढून आवळले. प्रियदर्शनी गुडघ्यांवर बसली, पण मला फिरताच येईना. पक सरळ तिच्या पायांमधून गेली. पुन्हा गेली.

"प्रिया, गोल हाय का बोगदा गं?" संघातला समर्थ ओरडला.

"पप्पा, लई आवळलंय!"

"ढिलं कसं ठेवायचं? ताणा ढिला पडला की साडी बिघडती."

"हे काय माग हाय व्हय, पप्पा? खालचा पट्टा आई सैलच सोडायची. पॅड फिरला पायजे."

अमृत गुडघ्यांवर बसला. त्याने माझा खालचा पट्टा सैल केला. बराच वेळ त्याने त्यावरचा हात काढला नाही. प्रियदर्शनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे पाहत राहिली.

त्या दिवशी पायांमधून पुन्हा गोल झाला नाही. डावीकडचे फटकेही तिने उठून अडवले. उजवीकडचे सगळे आत गेले.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू खिळ्याला अडकवून ठेवू नका. त्यांना ऊन दाखवा, वापरा. आणि ज्याला काही येतं तो माणूस घरात आहे तोवर त्याच्याकडून ते शिकून घ्या. 'आल्यावर' म्हणू नका.

आता अमृत रोज संध्याकाळी माग बंद करून रिंकवर येतो. मुलीच्या मागे काठी घेऊन उभा राहतो आणि माझ्यावर टपली मारतो. त्याने हा खेळ कधी खेळलेला नाही. पक गेल्यावर त्याची टपली पडते. "उशीर झाला, पप्पा," ती म्हणते. "व्हय गं, कळलं," तो म्हणतो, आणि पुन्हा उभा राहतो.

शिबिर जानेवारीत आहे. प्रियदर्शनीचं उजवीकडे उठणं शिकायचं राहिलं आहे.