कुरकुरणारा कंपास

मी एक जुना पितळी कंपास आहे. मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्यासारखा चिमुकला नव्हे. माझे पाय चांगले हातभर लांब आहेत. छतावर चित्रे काढणाऱ्या एका चित्रकाराने मला मुद्दाम घडवून घेतले. ओल्या गिलाव्यावर मी वर्तुळे कोरायचो आणि त्यांतून तो फुले, तारे, जाळ्या रंगवायचा. लोक रंगांची वाहवा करत. माझे नाव कोण काढणार? पण खरी मेख माझ्यापाशी होती. वर्तुळ काढून झाले की पाय तेवढेच ताणून मी त्याच्या कडेने चालायचो. सहाव्या पावलाला बरोबर पहिल्या खुणेवर परत. त्यावरच सहा पाकळ्या उमलायच्या.

पुढे चित्रकाराची दृष्टी गेली आणि मी त्याच्या लेकीच्या हाती आलो. सभागृहाचे छत हे तिचे पहिलेच काम. "फूल वाकडं आलं तर गिलावा फोडून दुसऱ्याला बोलावीन," असे ठेकेदाराने बजावले होते. त्या सकाळी तिने मायेपोटी माझ्या सांध्यात तेल सोडले.

परांचीवर चढल्यावर मला कळले, सांधा सैल झाला आहे. पाय आपोआप फाकत होते. मुकी वस्तू मी, सांगणार कसा? सहावे पाऊल पहिली खूण ओलांडून बोटभर पुढे पडले. तिने पुन्हा मोजले, तर आणखी पुढे. गिलावा सुकत चालला होता. तिच्या तळहाताचा घाम मला जाणवत होता.

खाली बसलेल्या वडिलांनी विचारले, "पोरी, कुरकुर का ऐकू येत नाही?"

"तेल घातलं, बाबा. फार वाजत होता."

"अगं, घट्ट आहे म्हणून वाजतो तो. पूस ते तेल, सांध्यात खडूची भुकटी भर. आणि गिलावा मऊ आहे तोवर खुणा बुजव."

तिने तसे केले. मी कुरकुरत निघालो. पाचव्या पावलाला तिने श्वास रोखला. सहावे पहिल्या खुणेत नेमके बसले, तेव्हा तिचा सुस्कारा खालीसुद्धा ऐकू गेला.

तेलाची बाटली दिसली की अजूनही माझे पाय लटपटतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा, पण त्यांची कुरकुर कशासाठी आहे ते आधी जाणत्याला विचारा. आमचा जाणता आता नाही. परांचीवर चढण्याआधी लेक मला कानाशी धरून उघडते. एखाद्या दिवशी आवाज आलाच नाही तर, या धास्तीने मी जीव तोडून कुरकुरतो.