उष्टं ताट

आचारीबुवांनी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चाळीस वर्षं माणसं जेवू घातली. स्वतः मात्र कढईपाशी उभ्या उभ्या तळणाचे तुकडे अन् साखर पोटात ढकलली. आता म्हातारपणी जेवले, की हात वाळायच्या आत विचारायचे, "थोरले, आज चूल बंद आहे का गं?"

थोरली म्हणजे त्यांची लेक. धुलाईघरात इस्त्री करायची. आईमागे तीच बापाला सांभाळत होती. तिने मरमर रांधावं आणि यांनी खिडकीतून शेजाऱ्यांना सांगावं, "लेक उपाशी मारते हो!" नशीबच फुटकं, दुसरं काय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जन्मभराचं असलं खाणं डोक्यालाही भोवतं. जेवल्याची आठवणच राहत नाही, मग भूक थांबणार कशी? वजन वाढलंय. उष्टं ताट लगेच उचलू नका, समोर दिसू द्या."

युक्ती लागू पडली. ताट पाहिलं की म्हातारा हसायचा, "अरेच्चा, जेवलो की!"

मग एका दुपारी थोरली दोन पाळ्या करून आली. पायांचे तुकडे पडलेले, घरात शिजवलेलं काही नाही. "बाबा, ताट बघा ना," तिच्या तोंडून निघून गेलं. ताट आदल्या रात्रीचं होतं. त्यांनी बघितलं, मान डोलावली. ती भिंतीला टेकून गाढ झोपली. पुढच्या आठवड्यात असं दोनदा झालं, मग रोज दुपारचंच. सुखाची चटक वाईट हो!

काही महिन्यांनी वजनकाट्यापाशी डॉक्टरीणबाई दचकल्या. "बारा किलो कमी? काका, जेवता ना?"

"पोरीला बोलू नका," आचारीबुवा म्हणाले. "पोटभर घालते. ताट मी स्वतः बघतो. भूक लागते ती माझीच खोटी."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताच तिने भात टाकला, अंडी उकडली, वाफाळतं ताट बापापुढे ठेवलं. त्यांचा हात पुढे आला. मग नजर शेजारच्या उष्ट्या ताटावर गेली आणि हात मागे गेला.

"खा हो बाबा! तुम्ही जेवलाच नाहीत. मी खोटं बोलत होते."

"वेडी का तू? हे बघ की, आत्ताच जेवलो."

ती रडत ते ताट धुवायला ओढू लागली. त्यांनी दोन्ही हातांनी ते छातीशी धरलं.

"नेऊ नकोस गं. मला खरं सांगणारं घरात तेवढंच आहे."