पांढऱ्या केसांमागचा पडदा

मित्रांनो, त्या दुपारी फोटोच्या दुकानात काय काय होतं ते आधी मोजून सांगतो. तिवईवर एक कॅमेरा. दोन दिवे. एक फिरतं स्टूल. एक आरसा आणि त्याखाली तीन कंगवे, त्यांतल्या एकाचे चार दात पडलेले. पडदे दोन. एक भिंतीवर टांगलेला आणि एक दाराशी पायपुसण्यासारखा टाकलेला. दाराशी पडलेला तो मी.

मी एक जुना सुती पडदा आहे. लांबी नऊ फूट, रुंदी सहा. मी या दुकानात आलो तेव्हा फोटोवाल्याचे केस काळे होते आणि मी पांढरा होतो. आता दोघांचंही काही खरं नाही.

एकवीस वर्षं मी भिंतीवर होतो. माझ्यासमोर हजारो माणसं बसली, पण मी त्यांचे चेहरे पाहिले नाहीत. पडद्याच्या वाट्याला पाठच येते. मी माणसं मानेवरून ओळखायला शिकलो. नुकते कापलेले केस, कॉलरखाली राहून गेलेली पावडर, उलटी बाहेर आलेली शर्टाची चिठ्ठी. नोकरीच्या अर्जाचा फोटो काढणाऱ्याची मान सैल असते. पहिल्यांदा परदेशी निघालेल्याची मात्र अशी ताठ होते, जणू विमान दुकानाबाहेरच उभं आहे.

फोटोवाला तेव्हा माझ्यावर खूश असे. "पडदा चांगला तर निम्मं काम झालं," म्हणायचा. दर पंधरा दिवसांनी मला धुवून इस्त्री होई. पुढे धुणं महिन्यावर गेलं, मग सणकून घाम आला की माझ्यावरच हात पुसणं सुरू झालं. मी करडा पडत गेलो. गेल्या वर्षी प्लॅस्टिकचा नवा पडदा आला, दुधासारखा पांढराशुभ्र. फोटोवाल्यानं मला खाली उतरवलं. "आता तू आराम कर," म्हणाला, आणि माझ्यावर चप्पल पुसली. आरामाचा तो प्रकार मला अजून कळलेला नाही. दमायला मात्र होतं.

तर त्या दुपारी एक शिंपीणबाई तिसऱ्यांदा आल्या. वय पासष्टच्या पुढे, केस पार पांढरे, गळ्यात मोजायची टेप विसरून राहिलेली. मी जमिनीवर असल्यामुळे मला त्यांचा चेहरा खालून दिसला. तो फार थकलेला होता.

त्यांची पाठची बहीण परदेशात एकटी राहायची. वीस दिवसांनी तिच्या मणक्याचं ऑपरेशन होतं. "शुद्धीवर येईन तेव्हा तू दिसायला हवीस," एवढंच तिनं फोनवर मागितलं होतं. बाईंनी आयुष्यात विमान फक्त खालून पाहिलेलं. व्हिसाचा अर्ज भरला, तिकीट ठरलं, आणि सगळं अडलं ते फोटोवर.

त्यांनी टेबलावर दोन चिठ्ठ्या ठेवल्या. पहिलीवर कचेरीनं लिहिलं होतं, "डोक्याची कड दिसत नाही. हनुवटी ते टाळू अंतर मोजता येत नाही. हवे ३२ ते ३६ मिलिमीटर." म्हणून फोटोवाल्यानं दुसऱ्या खेपेला एक दिवा बंद केला होता. दुसऱ्या चिठ्ठीवर त्याचंच फळ. "कानामागे सावली."

"आज चारपर्यंत दिला नाही तर पुढची वेळ पाच आठवड्यांनी," बाई म्हणाल्या.

फोटोवाला डोकं खाजवत म्हणाला, "केस काळे करता का, काकू? शेजारीच सलून आहे."

"मला काकू म्हणणारा तू स्वतः टकला. तुझा फोटो कसा घेतात ते सांग आधी."

तो हसला नाही. चिडला होता, स्वतःवरच. "नियमच तसा आहे हो. मागे पांढरं पाहिजे."

"बघू तो कागद."

नियमांचा कागद वर्षभर आरशाला चिकटवलेला होता. बाईंनी चष्मा लावला आणि शिवणीवरून बोट फिरवावं तसं ओळीवरून फिरवलं. "पांढरी किंवा फिकट, एकसारखी. हे 'किंवा फिकट' तू वाचलंस कधी?"

फोटोवाल्यानं मान वाकवून ती ओळ पाहिली. नव्या पडद्याच्या कौतुकात त्यानं पहिला शब्द वाचून बाकीचा कागद सोडून दिला होता.

"पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा दिसतो का रे? चाळीस वर्षं शिवतेय मी. टाका दिसायला हवा असेल तर कापड एक छटा उतरलेलं लागतं." एवढं बोलून त्या दाराकडे वळल्या, आणि त्यांचा पाय माझ्यावर पडला.

त्या वाकल्या. माझं टोक अंगठा आणि बोटात धरून चोळलं. इतक्या वर्षांत असं कुणी मला हात लावून पाहिलं नव्हतं.

"चांगलं सूत आहे. याचं पायपुसणं केलंस?"

"जुना झाला तो."

"मीही झालेय. इस्त्री दे."

पायांखाली आलेला माझा भाग फार मळला होता. बाईंनी माझी घडी उलगडून मला उलटं केलं, आतला स्वच्छ भाग वर घेतला आणि पाणी शिंपडून स्वतः इस्त्री फिरवली, कडेपासून मधे, एकही चुणी न ठेवता. मी नव्या पडद्यावरून टांगला गेलो. दोन्ही दिवे लागले. फोटोवाल्यानं स्टूल माझ्यापासून चार फूट पुढे ओढलं, म्हणजे सावली माझ्यावर पडणार नाही.

"मान सरळ. हसायचं नाही."

"हसायला सुचतंय कुणाला? काढ लवकर."

मला पुन्हा पाठच दिसली. ब्लाऊजचा वरचा हूक घाईत सुटलेला, आणि मान मोडेल इतकी ताठ. पण माझ्या करड्या अंगावर त्या पांढऱ्या केसांची कड मला पहिल्यांदा नीट कळली, एकेक केस वेगळा.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्या गेल्या. मला कुणी उतरवलं नाही. फोटोवाला स्टुलावर बसून नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचत राहिला.

मित्रांनो, मी थकलोय. पुन्हा भिंतीवर चढल्याचा आनंद झाला म्हणावं, तर कड्यांपाशी सूत तुटायला आलंय. माझं मागणं लहान आहे. घरातली जुनी वस्तू दाराशी टाकण्याआधी एकदा उजेडात उलगडून बघा. कापड असेल तर ओलं घडी करून ठेवू नका, डाग धरतं. आणि ज्याच्यावर पाय पुसता, त्याला कधीतरी धुवा.

साडेचारला शिंपीणबाई परत आल्या. त्यांनी कचेरीची पावती टेबलावर ठेवली. फोटोवाल्यानं ती मोठ्यानं वाचली.

"फोटो स्वीकारला. हनुवटी ते टाळू, चौतीस मिलिमीटर."