हिरव्या ज्वाळेचं थान

पेरिझातने माझं घर धुऊन नेलं, असं मी बिश्केकच्या बाजारात भेटेल त्याला सांगत असे. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. तीन वर्षं ती माझ्या खोलीत, माझ्याच लेझर यंत्रावर काम शिकली. लोकरीचा नमदा, सुती कापड, रेक्झिन, सगळं कापायला. मग माझ्या आईने काढलेली मेंढ्याच्या शिंगांची नक्षी संगणकातून उचलून तिने दोन गल्ल्या पलीकडे राहत्या घरात स्वतःचं यंत्र मांडलं. वर सांगत फिरली की माझ्या, म्हणजे उल्कानच्या, मालाला जळका वास येतो. गिऱ्हाइकं तिच्याकडे गेली आणि मी घरात बसून तिला शिव्या घालत राहिले.

एक गोष्ट मात्र ती शिकली नव्हती. रेक्झिनचं नवं थान, म्हणजे अख्खा तागा, आलं की मी तांब्याची तार लाल तापवून त्याला टेकवायचे आणि ती तार पुन्हा ज्योतीत धरायचे. ज्योत हिरवी झाली की थान परत. त्यात क्लोरीन असतो. लेझरखाली त्याचा जो धूर होतो तो लोखंड गंजवतो आणि माणसाची छाती जाळतो. पेरिझात हसायची, "ताई, झालं का भविष्य बघून?" ती हसायची म्हणून मी कारण कधी सांगितलं नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला ती कापडाच्या दुकानात दिसली. दिवस भरत आलेले, तरी स्वस्तातल्या काळ्या रेक्झिनसाठी घासाघीस चालली होती. ती थान घेऊन गेल्यावर मी दुकानदाराकडून त्याच मालाचा एक तुकडा मागून घेतला आणि घरी येऊन तार धरली. हिरवीगार ज्वाळा. खरं सांगते, इतका आनंद मला ईदलाही झाला नव्हता. महिन्याभरात तिच्या यंत्राचे रूळ गंजतील, आरसे आंधळे होतील, मग येईल रडत, असं म्हणत मी तोंड शिवून बसले. तिच्या पोटातल्या जिवाचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

जानेवारीत तिची सासू, सालिमा आपा, माझ्या दारात आली. नातू पंचवीस दिवसांचा झाला होता. चाळिसाव्या दिवशी घालायला चाळीस घरांतून चाळीस चिंध्या मागून बाळाचा सदरा शिवायचा असतो, आणि चिंधी मागायला आलेल्या बाईला आमच्याकडे कुणी परत पाठवत नाही, वैरीसुद्धा. मी चिंधी शोधत होते आणि म्हातारी एकसारखी खोकत होती. डोळे लाल झाले होते. म्हणाली, घराला कुणाची तरी दृष्ट लागलीय, आंबट जळका वास जाता जात नाही, बाळही खोकतंय. दृष्ट जावी म्हणून ती रोज जुनिपरच्या पाल्याची धुरी देत होती.

खिडक्या उघडत नाही का, असं मी विचारलं.

"चाळीस दिवसांच्या आत बाळंतिणीला वारा लागू द्यायचा? काय बोलतेस, पोरी! यंत्राचा धुराचा पाइपसुद्धा मी आत ओढून घेतला, भिंतीतलं भोक गोधडीने बुजवलं."

म्हणजे तो सगळा धूर बाळाच्या खोलीतच कोंडत होता. तरी क्षणभर वाटलं, चिंधी द्यावी आणि दार लावून घ्यावं. हे मी लपवत नाही.

मग मी अंगावर शालसुद्धा न घेता धावले. पेरिझात यंत्राशी बसून तेच रेक्झिन कापत होती, मागे पलंगावर बाळ. मी आधी यंत्र बंद केलं, मग गोधडी उपसून काढली आणि खिडक्या सताड उघडल्या. यंत्राचे रूळ लाल गंजले होते. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं आणि मला ते बघवेना. त्या रेक्झिनचं, त्याच्या धुराचं सगळं एका दमात सांगून टाकलं. आवाज ऐकून आतून आलेला तिचा नवरा दवाखान्यासाठी गाडी आणायला पळाला.

तोवर म्हातारी धापा टाकत पोचली. खोलीत गारठा भरला होता. तिने बाळ उचलून माझ्यापुढे धरलं. "गाडी येईपर्यंत तुझ्या घरी ने याला, तिथं ऊब आहे. अल्लानेच तुला धाडलं."

पेरिझात माझ्याकडे बघत होती. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं.

"तू थान घेतलंस त्याच दिवशी."

बाळ घ्यायला माझे हात पुढे झालेले होते. तिने सासूच्या हातातून बाळ काढून घेतलं. "हिच्या घरी नको, आई. त्यापेक्षा बाहेरचा बर्फ बरा."

बाळाला छातीशी गुंडाळून ती दार उघडून अंगणात गेली आणि गाडी येईपर्यंत तिथेच, बर्फात, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.