पाणकावळ्यांची अंडी

सत्त्याण्णव सालच्या भादव्यात पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर अशी गर्दी उसळली की शेतं ओस पडली. डोहाकाठच्या उंबरावर पाणकावळ्यांची घरटी होती आणि तीन वर्षांत त्यांतून एक पिल्लू निघालं नव्हतं. आता हे पाड्यातल्या पोरांवर येणार, असं जिवा भगताने जाहीर करून टाकलं. मग हे करणारी भुताळी, म्हणजे चेटकीण, शोधणं ओघानेच आलं.

भगताने घरट्यातलं अंडं चिमटीत धरलं आणि एकेका बाईचं नाव घेतलं. अंडं शाबूत. "नवशी!" म्हणताच ते फटकन फुटलं.

"बघलात? अंड्याला डोळा नाय, कान नाय, तरी वळखलं!" भगत गर्दीकडे वळून ओरडला.

अंड्याला कान नव्हते हे खरं, पण भगताला अंगठा होता. तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. दोन नातवंडं सांभाळणारी म्हातारी नवशी मटकन खाली बसली. दिवस मावळायच्या आत तिने पाडा सोडायचा, असं ठरलं.

मागे उमेश उभा होता. मलेरियाची पावडर फवारायला दर हंगामात तोच यायचा. बायांनी कुडाच्या भिंती नुकत्या सारवलेल्या असायच्या, त्यांवर पांढरे डाग कोणाला हवेत? "नको रं पोरा," म्हणून नवशीने त्याला पेज पाजली होती. त्यानेही मोठ्या मनाने दारावर खडूने 'फवारले' लिहिलं आणि पावडर डोहात ओतली. असं चार हंगाम, घरोघरचं. काल शाळेतल्या उज्ज्वला बाईंना त्याने सगळं सांगितलं होतं, पण चारचौघांत सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती.

बाई पुढे झाल्या. "भगत, दुसरं अंडं थाळीत ठेवा. हात मागे. आता घ्या नाव."

"नवशी! नवशी!" अंडं ढिम्म. बाईंनी ते उचललं, "उज्ज्वला" म्हणत जरासं दाबलं, आणि बलक त्यांच्या मनगटावर ओघळला.

"कवच पातळ झालंय. उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडी फुटतात. डोहात पडलेली विषारी पावडर शेवाळात, किड्यांत जाते. किडे खाणाऱ्या माशांच्या चरबीत साठते. तसे कितीतरी मासे एक मोठा मासा खातो, आणि तसले मासे हा पक्षी रोज खातो. दर पायरीला विष वाढत जातं, आणि त्यानेच अंड्याचं कवच पातळ होतं."

"पर डोहात इख घातलं कुनी?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

बाईंनी उमेशकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला पळून जावंसं वाटलं.

"मी," तो म्हणाला, आणि सगळं सांगून मोकळा झाला. मोकळं मात्र वाटलं नाही.

नवशीने मान वर केली. "त्याच डोहातलं मासं पोरांना घातलं रं मी. त्यांना काय होल?"

"मला माहीत नाय, आजे." त्याला रडू फुटलं. "आता ते मासे कोणी खाऊ नका. आणि भगताला नाव विचारू नका, कारण विचारा. पावडरवाला दारात आला तर उरलेली कुठं टाकतोस, ते विचारा. मला कोणी एकदा विचारलं असतं तर..."

तो मध्येच थांबला. दोष लोकांवर ढकलतोय, हे त्याचं त्यालाच कळलं.

"नाय," तो म्हणाला. "मीच मला विचारायला पाहिजे होतं."