एका मुनिराच्या दोन नोंदी

इंदापुरात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या मुनिराला संशोधनाच्या समितीत घेतलं, तेव्हा तिला वाटलं, चहा प्यायचा, सही करायची आणि परत यायचं.

बारामतीच्या संशोधन कचेरीत बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या लाखभर बायकांच्या दवाखान्यातल्या नोंदी एकत्र केल्या होत्या. गरोदरपणी बीपी वाढलं, तर पुढे आयुष्यात बीपीचा आजार जडतो का, हे शोधायचं होतं. माहिती लोकांची, म्हणून गावोगावची आठ माणसं सल्ल्याला बसवली होती.

तिसऱ्या बैठकीत डॉक्टर वल्लरीने पडद्यावर आकडे दाखवले. "पुढे फारसा त्रास दिसत नाही. बऱ्याच जणींनी तर बाळंतपणानंतर तपासणीच सोडलीय."

मुनिराला राहवलं नाही. "सोडत न्हाईत, म्याडम. पयलं बाळंतपण म्हायेरात आसतं. मग बाई सासरी जाती. तितला दवाखाना येगळा."

"पण आम्ही नावावरून नोंदी जोडल्यात," संगणक सांभाळणारे नीळकंठराव म्हणाले.

"नाव तरी कुठं तेच ऱ्हातंय? म्हायेरात माजं नाव भावानं लिवलं, अब्बांचं लावून. सासरी नवऱ्याचं लागलं. बघा की, माजी परवानगी हाय."

नावं फक्त नीळकंठरावांनाच उघडता येत. त्यांनी शोधलं. मुनिरा इमाम शेख, कोऱ्हाळे बुद्रुक: पहिलटकरीण, बीपी वाढलेलं, पुढे नोंद नाही. मुनिरा अल्ताफ तांबोळी, पळसदेव: बारा वर्षांनी बीपीच्या गोळ्या सुरू, मागची माहिती नाही.

"आगं बया, एकीच्या दोन केल्या की माज्या!"

सगळे हसले. वल्लरी मात्र हसली नाही. तिने आपला अर्धा लिहिलेला अहवाल बाजूला ठेवला.

पुढचे चार महिने जन्मतारीख, गाव, वडिलांचं नाव असं ताडून पाहण्यात गेले. समितीतली माणसं गावोगाव बायकांशी बोलली. ज्यांनी नको म्हटलं, त्यांच्या नोंदी काढून टाकल्या. नऊ हजार बायकांच्या दोन-दोन नोंदी जुळल्या आणि उत्तर पार उलटलं. गरोदरपणी बीपी वाढलेल्यांना पुढे बीपीचा आजार इतर बायकांपेक्षा दुपटीहून जास्त होत होता.

इंदापूरच्या सभागृहात अधिकाऱ्यांपुढे हे मुनिरानेच सांगितलं. अहवालावर वल्लरीच्या शेजारी तिचं नाव छापलं होतं. गरोदरपणी बीपी वाढलेल्या प्रत्येक बाईचं बीपी दरवर्षी गावातच तपासायचं ठरलं.

पळसदेवला पहिल्याच दिवशी एकतीस जणी आल्या. त्यांतल्या एकोणतीस वर्षांच्या संजीवनीचं बीपी भलतंच वाढलेलं निघालं. तिला काही पत्ताच नव्हता. तिथंच गोळ्या सुरू झाल्या.

मुनिराने तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि बाहेर येऊन बारामतीला फोन लावला.

"म्याडम, पयली घावली! येळेत घावली!"