अस्वलाच्या घराचा मधला दरवाजा

मित्रांनो, मानवजातीची सगळी प्रगती संशयातून झाली आहे. ज्या दिवशी पहिल्या माणसाला शेजाऱ्याचा संशय आला, त्या दिवशी भिंत जन्माला आली; आणि भिंतीपलीकडे शेजारी काय करतो हे पाहिल्यावाचून त्याला राहवेना, त्या दिवशी दरवाजा. अशा थोर कुळात माझा जन्म झाला. मी एक जुना, लोखंडी सळयांचा सरकता दरवाजा आहे. सध्या माझ्यावर दूध संघाच्या वॉचमनची बनियनं वाळत घालतात.

माझं मूळ काम याहून बरं होतं. मी अस्वलाच्या घराचा दरवाजा होतो.

आष्टी तालुक्यात अस्वल कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. सहकारातून आलं. आमच्या सहकारी दूध संघाचं संचालक मंडळ एकदा चीज कसं करतात ते पाहायला अभ्यास दौऱ्यावर गेलं. चीज कुणालाच आवडलं नाही. पण वाटेत एक प्राणिसंग्रहालय लागलं, ते सर्वांना फार आवडलं. परत आल्यावर चेअरमन मोहनराव म्हणाले, "आपल्या संघालाबी एक पाहिजे. दूध वाढंल न वाढंल, माणसं तर येतील." मग ससे आले, मोर आला, आणि दरवेशाकडून सोडवलेली एक अस्वलीण वनखात्याने 'तात्पुरती' म्हणून ठेवली. तिचं नाव गजरा. नाकात वेसणीचं भोक होतं आणि माणसाविषयी तिचं मत फारसं चांगलं नव्हतं.

गजरेचं घर बांधायला संघाने शिवकन्या नावाची इंजिनिअर नेमली. शिरूर कासारकडची मुलगी. आईबाप दरवर्षी ऊस तोडायला जायचे आणि ही बीडच्या वसतिगृहात राहून शिकली. तिला गाईचा गोठा बांधायला नेमल्याचं सांगितलं होतं. रुजू झाल्यावर कळलं की गाईला केस जरा जास्त आहेत.

पण तिने काम मनापासून केलं. आधी महिनाभर नुसती गजरेसमोर बसून राहिली. ती कुठे नख लावते, कुठे नाक खुपसते, कुठल्या सळईला रोज हलवून बघते, ते पाहत. मग म्हणाली, "हिला कुणाचा भरवसा न्हाई. आपुनबी ठेवायचा न्हाई. म्हंजे दोघी सुखानं ऱ्हाऊ."

तिने गजरेसाठी मोकळं अंगण केलं. त्यात सावलीला मांडव आणि सिमेंटचं एक खोटं वारूळ. वारुळाच्या भोकांत गुळाचं पाणी ओतायचं, म्हणजे अस्वल दिवसभर चोखत बसतं आणि सळयांचा नाद सोडतं. अंगणाभोवती खोल कोरडा खंदक खणला. आतल्या बाजूला उतार, म्हणजे अस्वल पडलं तरी चढून परत जाईल. बाहेरच्या बाजूला सरळसोट भिंत, म्हणजे बाहेर येणार नाही. अंगणाच्या टोकाला दोन खोल्यांचं घर. पहिली खोली अंगणाकडे उघडते, दुसरी नोकरांच्या बोळाकडे; हा बोळ दोन्ही खोल्यांच्या कडेने जातो. अंगणाकडचा दरवाजा माझा जुळा भाऊ. दोन खोल्यांच्या मध्ये मी. आम्हा दोघांना बोळात उभं राहून साखळीने ओढायचं. नियम एकच : एक भाऊ उघडा असेल तर दुसरा बंद.

रोज सकाळी शिवकन्या यायची, हातोडीने माझ्या प्रत्येक सांध्यावर टकटक करायची आणि कान देऊन ऐकायची. रुळाला ग्रीस लावायची, साखळीची कडी न् कडी बोटांनी चाचपायची. वेल्डर म्हणायचा, "म्याडम, कालच तर बगितलं." ती म्हणायची, "काल अस्वलानंबी बगितलं. ते आजबी बगणार हाय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सुखाचा काळ. कुणीतरी आपल्यावर रोज नियमाने संशय घेतं, यासारखी माया नाही.

बाकीच्यांचा संशय मात्र वेगळ्या जातीचा होता. दुष्काळाचं तिसरं वर्ष. जनावरं छावणीत गेलेली, धडधाकट माणसं उसाच्या फडावर, गावात म्हातारी-कोतारी आणि टँकरची वाट. अशा वेळी एवढा मोठा खंदक आणि त्यात पाणी नाही, हे कुणाला पटेना. गावकरी काठावर उभे राहून म्हणायचे, "पानी गेलं कुटं?" त्यात पाणी कधीच नव्हतं, हे उत्तर फारच संशयास्पद वाटायचं. मोहनरावांना वाटायचं, ही बाई विरोधी पॅनलची आहे आणि आपला तलाव मुद्दाम कोरडा ठेवते. व्हाइस चेअरमन अर्जुनरावांना वाटायचं, तलावाचं पाणी मोहनरावांनीच मुरवलं. आणि दोघांना मिळून वाटायचं की गजरेला खाऊ घालणारी छबुबाई गजरेचं दूध स्वतःच पिते. त्यावर उपाय म्हणून मोहनरावांनी दुसऱ्या खोलीच्या बोळाकडच्या जाळीच्या दाराला खटक्याचं कुलूप लावलं. दाबलं की बंद. किल्ली स्वतःच्या जीपमध्ये ठेवली. छबुबाई रोज किल्ली मागायला संघाच्या ऑफिसात जायची आणि परत येताना सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणायची, "अस्वलाचं दूध पिऊन मला का अंगावर केस आनायचेत?"

संघाची निवडणूक जवळ आली. मोहनराव अस्वस्थ झाले. पुढाऱ्याने वर्षातून एकदा तरी भरल्या पाण्यापाशी उभं राहून नारळ सोडावा, खणा-नारळाने ओटी भरावी, पेपरात फोटो यावा. त्याला जलपूजन म्हणतात. तीन वर्षांत तालुक्यात पूजा करण्याजोगं पाणीच साठलं नव्हतं. मोहनरावांची नजर खंदकावर गेली.

शिवकन्या ग्रीस आणि साखळीच्या कड्या आणायला आष्टीला गेली होती. तेवढ्या वेळात टँकर आले. ते खालच्या वस्तीचे टँकर होते. वस्तीच्या बाया घागरी घेऊन मागे मागे आल्या आणि आपलं पाणी अस्वलाच्या खंदकात पडताना बघत उभ्या राहिल्या. एकीनेही घागर खाली ठेवली नाही.

शिवकन्या परतली तेव्हा खंदक काठोकाठ भरला होता, काठावर मांडव घातला होता, ताटात पेढे मांडले होते. ती पळतच मोहनरावांपाशी गेली.

"आण्णा, कोरडा खंदक म्हंजे भिंत हाय. भरला की त्याची पायरी व्हती. अस्वल पवतं!"

मोहनरावांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. "आपल्या बीड जिल्ह्यात अस्वल पवायला शिकलं कुटं वो?"

"हिनंच शिकवलं आसंल," अर्जुनराव म्हणाले.

"मग निदान तिला आत घिऊ द्या. जाळीआड ठिवते."

"फोटोत अस्वल पाहिजे, बाई. न्हाईतर लोक म्हनतील शेततळ्याचा फोटू छापला."

मंत्र झाले. मोहनरावांनी गुळाच्या खड्यासह नारळ पाण्यात सोडला. गजरेने नाक वर केलं. उतारावरून खाली आली, पाण्यात एक पाय घालून पाहिला, मग दुसरा. नारळ तिने मध्येच गाठला. आणि मित्रांनो, नारळ संपल्यावर माणूस जसा पेढ्यांकडे वळतो, तशी ती वळली.

तिने कुणाला धक्काही लावला नाही. ती काठावर चढली, अंग झाडलं आणि ताटापाशी बसली. एवढ्यावर सारं मैदान रिकामं झालं. बाया घागरींसकट संघाच्या गच्चीवर. ड्रायव्हर रामकिसन जीप घेऊन सरळ आष्टीला. आणि संचालक मंडळ, जवळची पक्की इमारत म्हणून, धावत आमच्या बोळात शिरलं. बोळही पुरेसा सुरक्षित वाटेना, म्हणून दुसऱ्या खोलीत घुसलं आणि अर्जुनरावांनी जाळी ओढली. खटका बसला. किल्ली आष्टीच्या वाटेवर होती.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी उघडा होतो. माझा भाऊही उघडाच. टँकर आले तेव्हा गजरा वारुळाला चिकटलेली, म्हणून छबुबाई नियम मोडून दोन्ही दारं उघडी टाकून घर झाडत होती. पाणी पाहून झाडू टाकून धावली, ती दोन्ही दारं आणि जाळी तशीच ठेवून. म्हणजे खोलीतून थेट अंगण दिसत होतं, अंगणापलीकडे पाणी, आणि पाण्यापलीकडे पेढे खाणारी गजरा.

"दार लावा! दार लावा!" मोहनराव ओरडले. मला हात लावायला मात्र कुणी पुढे येईना, कारण पुढे जाणाऱ्याला मागचे बाहेर ढकलतील, अशी प्रत्येकाची खात्री होती.

शिवकन्येने बोळात येऊन साखळी ओढली. मी धाडकन बंद झालो. भाऊ तिने उघडाच ठेवला.

"ते बी लावा!"

"ते लावलं तर गजरा घरी कशी यील?"

"कशाला यायला पाहिजे? सुंदरराव बंदूक आनाया गेलेत."

हे खरं होतं. सुंदरराव हे संघाचे माजी संचालक. परवान्याची बंदूक होती आणि ती कशावर तरी चालवायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. त्यांचा मळा जवळच होता. बाहेर चार पोरं दगड वेचायला लागली होती. शिवकन्येने ती पोरं पाहिली. तिने छबुबाईला हाक मारली आणि छबुबाईने जर्मनच्या ताटलीवर पळी वाजवली. रोज जेवण घालताना वाजवायची तशीच.

गजरेचे कान हलले. तिने पेढ्यांचं ताट चाटून पुरं केलं, दगडांकडे एकदा रागाने पाहिलं आणि पाण्यात उतरली. पोहत अंगणात आली. दुडक्या चालीने पहिल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. छबुबाईने बोळातल्या झरोक्यातून भाकरी-दूध आत सरकवलं. आता एक पाऊल.

आणि माझ्या या बाजूला मोहनराव म्हणाले, "हे तुमचंच काम हाय, अर्जुनराव."

"माझं? टँकर कुनी सांगितला?"

"खटका कुनी दाबला?"

"ओरडू नका, पॅनल फुटंल!" तिसरा ओरडला.

गजरा थबकली. मागे सरली. तिच्या घरात माणसं होती, आणि घरातली माणसं भांडत होती. इतक्या शहाण्या जनावराने अशा घरात का जावं?

शिवकन्येने हात जोडले. "आण्णा, गप बसा. जरा येळ. ती आत आली की मी अंगनाकडलं दार लावते, सारे सुटलात."

"आमी गप बसायचं आन् तुमी अस्वल आमच्या शेजारी आनायचं? मदी काय, तर ह्या सळया?"

"ह्या दाराची मी रोज तपासनी करते."

"तेच तर! रोज कावून तपासता? त्यात खोट हाय म्हनून!"

मित्रांनो, इतका अपमान माझा आयुष्यात झाला नव्हता.

दूर मळ्याच्या वाटेवर सुंदरराव दिसले. खांद्यावर बंदूक, मागे गाव. गजरा उंबऱ्यावरून एक पाऊल आणखी मागे गेली.

शिवकन्येने हात खाली घेतले. तिचा आवाज एकदम साधा झाला. "ठीक. आता हितनं पुढं जो पहिला बोलंल, त्यानंच वस्तीचं पानी खंदकात सोडाया लावलं, आसं मी वार्षिक सभंत उभी ऱ्हाऊन सांगीन. गच्चीवरल्या साऱ्या बाया ऐकत्यात."

संघाच्या इतिहासात अशी शांतता झाली नव्हती. मोहनरावांचं तोंड उघडलेलं होतं. ते त्यांनी हाताने मिटलं. अर्जुनरावांना ठसका आला, तो त्यांनी गिळला. प्रत्येकजण डोळे बारीक करून दुसऱ्याच्या ओठांकडे बघत होता. कुणीतरी बोलावं, अशी सगळ्यांची मनापासून इच्छा होती.

बाहेर ताटलीवरची पळी पुन्हा वाजली. गजरा आत आली. शिवकन्येने साखळी ओढली, माझा भाऊ बंद झाला. गजरा वळली, माझ्यापाशी आली आणि रोजच्या सवयीने माझी प्रत्येक सळई हलवून पाहिली. पलीकडे मोहनरावांचं नाक होतं. तिने एक ऊन श्वास सोडला. त्यांची टोपी हलली. ते बोलले नाहीत. मी हललो नाही. शिवकन्येने बोळातून जाळीत हात घालून माझ्या चौकटीवर तळवा ठेवला होता.

सुंदरराव पोचले तेव्हा गजरा भाकरी खात होती. ते जरा नाराज झाले.

"बोला आता," शिवकन्या म्हणाली. पण अट कधी संपते, हे ठरलंच नव्हतं. रामकिसन किल्ली घेऊन येईपर्यंत सबंध संचालक मंडळ अस्वलाशेजारी मुकाट बसून होतं. तोवर बाया गच्चीवरून उतरल्या आणि खंदकातून घागरी भरभरून घेऊन गेल्या. केस गाळायला पदर होताच.

वार्षिक सभेत शिवकन्या काही बोलली नाही. अटीप्रमाणे कुणी बोललंच नव्हतं. अहवालात लिहिलं गेलं की खंदकाला पाझर लागला. मोहनरावांचा 'अस्वलाला समोरासमोर तोंड दिल्याबद्दल' सत्कार झाला आणि ते पुन्हा निवडून आले. शिवकन्येची मुदत मात्र वाढवली नाही. दरवाजावर विश्वास न ठेवणारी बाई विश्वासाची कशी, असं कुणीतरी म्हणालं. जाण्याआधी तिने वनखात्याच्या मागे लागून गजरेला दूरच्या मोठ्या उद्यानात पाठवायची सोय केली. ट्रकच्या पिंजऱ्याचं दारही तिनेच तपासलं, हातोडीने. मी आतून ती टकटक ऐकत होतो. ती माझी नव्हती.

माझ्या भावाला भंगारात घातलं. मला पशुखाद्याच्या गोदामाला लावलं. इथे कुणी मला हलवून बघत नाही; सगळे म्हणतात, जुनं लोखंड आहे, काय होतंय त्याला. एवढा विश्वास मला सोसत नाही. मित्रांनो, संशय अवश्य घ्या. पण चावडीवर बसून घेऊ नका. तो घेऊन सकाळी उठा, हातोडी घ्या, वस्तूपाशी जा, कान लावा. ज्या संशयाला ग्रीस लागतं, त्याने जीव वाचतात. बाकीच्याने फक्त निवडणुका होतात.

एवढं सांगायचं होतं. आणि हो, माझ्या डाव्या चाकाखाली हरभऱ्याएवढा एक खडा अडकलाय. इकडून गेलात, तर तेवढा काढाल का? काडीनेसुद्धा निघेल.